फाटक्या आवाजाचा कारागीर

नागपूरच्या जरीपटक्यात लग्नाची वरात निघाली की घोड्यावरच्या नवरदेवापेक्षा लोकांचं लक्ष धुमालच्या, म्हणजे वरातीतल्या बँडच्या, गाडीकडे जास्त असतं. टेम्पोवर एकावर एक रचलेले स्पीकर, मागून येणारा जनरेटर, पॅडवाला, ऑर्गनवाला आणि या सगळ्यांच्या मधोमध वायरींच्या गुंत्यात बसलेला एक पोरगा. त्याचा हात अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर. गाणं रंगात आलं की तो बटण आणखी फिरवतो आणि आवाज फाटायला लागतो. वरातीतले एखादे काका मागे वळून ओरडतात, "अबे, फाटून राह्यला ना, कमी कर!" पोरगा कमी करतो. काका चार पावलं पुढे गेले की पुन्हा वाढवतो. नाचणाऱ्यांना तो फाटलेलाच आवाज हवा आहे, हे त्याला काकांपेक्षा चांगलं कळतं.

विजेच्या गिटारवर हार्ड रॉक वाजवणाऱ्याची विद्या इथूनच सुरू होते. आवाज कुठे फाटू द्यायचा, किती फाटू द्यायचा आणि फाटल्यावरही सूर कसा ओळखू येईल, हे त्याला ठरवावं लागतं. महाराष्ट्रात ही विद्या ज्यांनी मंचावर आणि कॅसेटवर नेली, त्यांत महेश तिनईकर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९८४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या 'रॉक मशीन' या बँडचे ते गिटारवादक. हाच बँड पुढे 'इंडस क्रीड' झाला. रॉकवर लिहिणारे सहसा गायकावरच लिहितात, कारण मुलाखती तोच देतो आणि फोटोतही मधोमध तोच असतो. या प्रकरणात गायकाला जरा बाजूला बसवू.

आधी वाद्य. विजेच्या गिटारचं अंग भरीव लाकडाचं असतं. तिला वीज लावली नाही तर शेजारच्या खोलीतही ती नीट ऐकू येत नाही. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. ही वीज फार तर काहीशे मिलिव्होल्टची. ती मोठी करणं हे अ‍ॅम्प्लिफायरचं काम. पण अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःची मर्यादा असते. त्याच्या कुवतीपेक्षा मोठी लहर मागितली की लहरीची शिखरं वरून आणि खालून सपाट कापली जातात. गोल लहर चौकोनी व्हायला लागते आणि त्या कापलेल्या कडांमधून मूळ स्वरात नसलेले कितीतरी वरचे उपस्वर बाहेर पडतात. कानाला जी खरखर, जी धार जाणवते ती त्यांची.

यात एक फायदा दडलेला आहे आणि हार्ड रॉक त्याच्यावरच उभं आहे. साधी तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. पण शिखरं कापणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला तार जोरात हलते आहे की हळू, यानं फारसा फरक पडत नाही. तो दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच आवाज देतो. त्यामुळे स्वर लांबतो, टिकतो, गजाच्या वाद्यासारखा खेचता येतो. मग वादक बोटानं तार पडद्यावर आडवी ओढतो आणि स्वर वर चढवतो. सतारीवर मींड काढतात तीच युक्ती. फरक एवढाच, की सतारिया एका जागेवरून चार-पाच स्वरांपर्यंत जातो आणि गिटारवाला बहुधा एक-दीड स्वरावर थांबतो.

दुसरी गोष्ट सा आणि प ची. साध्या गिटारवर सा-ग-प असे तीन स्वर एकत्र वाजवले की छान भरीव संवाद होतो. तेच फाटलेल्या आवाजात वाजवा, चिखल होतो. कापलेल्या लहरी एकमेकींत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर तयार करतात आणि गांधाराचे असे स्वर कुठेच जुळत नाहीत. गांधार काढून टाकला की सा आणि प उरतात. त्यांचं प्रमाण दोनास तीन, आणि वजाबाकीतून निघणारा स्वर येतो नेमका खालच्या सप्तकातल्या सा वर. म्हणून हार्ड रॉकमधला तो छातीत बसणारा दणका बहुतेक वेळा फक्त दोन स्वरांचा असतो. तंबोऱ्याखाली बसलेल्याला हे समजावून सांगावं लागू नये.

फाटका आवाज कुणी शोधून काढला नाही, तो अपघातानं सापडला. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. वाटेत अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरला इजा झाली. दुसरा आणायला वेळ नव्हता, म्हणून आत कागद कोंबून तसाच वाजवला, आणि तो घरघरता आवाज लोकांना आवडला. १९६४ मध्ये लंडनच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा पडदा मुद्दाम ब्लेडनं कापला. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा असल्यामुळे पडद्यांवर चालणारा हात तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. 'ब्लॅक सॅबथ'चा जड, खर्जातला आवाज या दुखापतीतून घडत गेला. १९७० संपेपर्यंत लेड झेपलिन, डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथ यांनी मिळून हार्ड रॉकचा पाया घातला होता.

मुंबईला याची कुणकुण लवकर लागली होती. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. त्याआधी १९७० आणि १९७१ मध्ये सिगारेट कंपनीच्या पैशावर चाललेल्या 'सिमला बीट' स्पर्धेनं देशभरातल्या बँडना एकत्र आणलं होतं. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेमध्ये जुडासची भूमिका गायली ती आत्माराम आणि आशा भेंडे यांच्या मुलानं, नंदू भेंडेनं. मराठी रंगभूमीवरचं घर आणि रॉक यांचं असं नातं फार आधीच जुळलं होतं, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

तरीही १९८४ मधली अडचण निराळी होती. बँड बरेच होते. सगळे दुसऱ्यांची गाणी वाजवत. ऐकणाऱ्यांचीही मागणी तीच असे. कॉलेजच्या मंचावर 'स्मोक ऑन द वॉटर' सुरू झालं की टाळ्या, आणि "आता आमचं एक नवीन गाणं" म्हटलं की मागून शिट्ट्या. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना हे दुखणं ठाऊक आहे. रफीसारखा गाणारा हवा असतो, स्वतःसारखा गाणारा नको असतो. तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि गायक म्हणून आलेले उदय बेनेगल, या मंडळींनी इतरांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची लिहायला घेतली आणि शिट्ट्या सहन करत ती वाजवली. माझ्या मते रॉक मशीनचं सगळ्यात मोठं काम हेच. त्यांच्यापेक्षा सफाईनं वाजवणारे त्या काळी मुंबईत असतीलही.

आता साधनांकडे वळू, कारण हार्ड रॉकच्या गिटारवादकाचा निम्मा जन्म साधनांमागेच जातो. ऐंशीच्या दशकात परदेशी वाद्यावर इतकी जकात होती की गिटारची किंमत नोकरदार घराच्या आवाक्याबाहेर जाई. बाजारात सहज मिळायच्या त्या कलकत्त्याच्या गिवसन. शिकायला ठीक, पण पडद्यांची मापं जरा इकडेतिकडे झाली की वरच्या सप्तकात सूर हलणार. चांगलं वाद्य हवं तर विमान कंपनीत, बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेला कुणीतरी नातेवाईक लागे. आणलेला अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकेचा असेल तर तो ११० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. मधे ट्रान्सफॉर्मर जोडायचा विसर पडला की पहिल्याच बटणाला धूर.

तारांचा प्रश्न त्याहून रोजचा. हार्ड रॉकला बारीक तारा लागतात. सगळ्यात वरची इंचाच्या नऊ हजारांश भागाएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्याही आत. ती खेचताना तुटते, आणि मुंबईच्या दमट हवेत तुटली नाही तर गंजते. नवा संच महाग, म्हणून जुन्या जाड तारा काढून पातेल्यात उकळायच्या, पुसून वाळवायच्या आणि पुन्हा चढवायच्या, ही युक्ती त्या पिढीतल्या बऱ्याच गिटारवाल्यांनी केलेली आहे. गुंडाळीच्या फटीत बसलेला घाम आणि तेल निघून जातं, दोन-तीन दिवस तार पुन्हा खणखणीत वाजते, मग परत मेल्यासारखी. नागपुरात याच्या उलट तऱ्हा. इथे तार गंजत नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि हवा कोरडी ठणठणीत झाली की गिटारच्या मानेचं लाकूड आकसतं. धातूचे पडदे आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं लाकडाच्या बाहेर येतात आणि हात सरकवताना तळव्याला ओरखडे काढतात. म्हणून इथली शहाणी पोरं उन्हाळ्यात गिटार कूलरच्या खोलीत ठेवतात, फक्त थेट फवाऱ्यासमोर नाही. वादक स्वतः तिथे झोपो न झोपो.

वीज ही तर जिवाची गोष्ट. गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर, माइकचा दुसऱ्या, आणि त्यातल्या एकाला अर्थिंगच नाही, अशी मांडवातली नेहमीची स्थिती. वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकला, की दोघांमधला दाब त्याच्या अंगातून वाट काढतो. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर असाच गेला. आपल्याकडे निळ्या ठिणगीनं ओठ भाजून सुटलेले वादक माइकवर स्पंजची टोपी घालूनच गातात. त्याला सोवळं म्हणून हसणाऱ्यांना झटका बसलेला नसतो.

झटक्याखालोखाल गुरगुर. ट्यूबलाइट, डिमर, पंखे यांतून ५० हर्ट्झची घरघर पिकअपमध्ये शिरते आणि फाटक्या आवाजाबरोबर तीही मोठी होते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये यावर पेटंटसाठी अर्ज केला. दोन पिकअप शेजारी ठेवायचे, वेढे आणि चुंबक उलटसुलट. तारेचा आवाज दोघांत मिळून वाढतो आणि बाहेरून आलेली घरघर एकमेकींना खोडते. हार्ड रॉकवाल्यांच्या गिटारवर हे जोडपिकअप जास्त दिसतात, त्याचं एक कारण हे.

इतका व्याप सांभाळून वाजवायचं कुठे? मुंबईत त्याचं उत्तर होतं रंगभवन. धोबी तलावावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघड्यावरचं नाट्यगृह. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा इथलीच.  १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा हा मेळा रॉकवाल्यांची वारी होऊन बसला. काळे टी-शर्ट, लांब केस, पावसानं भिजलेली दगडी बैठक आणि पहिल्या गाण्यापासून डोकी हलवणारी पोरं. रॉक मशीनचं नाव झालं ते अशा मंचांवर आणि आयआयटीच्या 'मूड इंडिगो'सारख्या महोत्सवांत.

उघड्या मंचावर गिटारवादकाची परीक्षा वेगळी असते. खोलीत झकास वाटणारा आवाज तिथे पातळ होतो, कारण परत फिरवायला भिंती नसतात. अशा वेळी कच्चा वादक फाट वाढवतो. त्यानं आवाज आणखी दाबला जातो आणि ड्रम-बासच्या खाली गिटार हरवते. जाणता वादक फाट कमी करतो, मधले स्वर वाढवतो आणि उजव्या हाताचा तळवा घोडीजवळ तारांवर अलगद टेकवून दणका तोडून तोडून देतो. रॉक मशीनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तिनईकरांची गिटार ऐकताना मला हेच जाणवतं. एकल वादनात बोटं पळतात, ती त्या दशकाची फॅशनच होती. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलननं 'इरप्शन'मध्ये दोन्ही हातांनी पडद्यांवर टकटक करून जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली होती. पण गायक गात असताना मागे जे चालतं ते आखूड, मोजकं आणि वेळेवर.

१९८८ मध्ये सीबीएसनं 'रॉक एन रोल रेनिगेड' ही त्यांची पहिली कॅसेट काढली. भारतीय बँडनं स्वतः लिहिलेली इंग्रजी हार्ड रॉक गाणी, तीही मोठ्या कंपनीकडून, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आली. आणि कॅसेट आली म्हणजे मुंबईबाहेरचा श्रोता आला.

जरीपटक्यासारख्या वस्तीत हे कसं पोहोचलं, ते पाहण्यासारखं आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली, व्यापारावर उभी राहिलेली ही वस्ती. एका बाजूला इंदोरा, जिथे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतं दणाणतात. दुसरीकडे मेकोसाबाग आणि मोहननगर, जिथे चर्चमधून गिटार शिकलेली मुलं सापडतात. जवळच मोतीबागेतली रेल्वेची वसाहत. घरात सिंधी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी-इंग्रजी. इंग्रजी गाण्याचे शब्द निम्मे कळले नाहीत तरी कुणाचं काही अडत नसे. सदर किंवा सीताबर्डीवर एकानं मूळ कॅसेट घ्यायची आणि बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. उतरवलेलीची पुन्हा उतरवलेली. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या मंद गतीनं सरकते, आणि प्रत्येक उतरवणीत वरचे बारीक आवाज झडत जातात. झांजेची झिणझिण पहिल्यांदा जाते. जॅझ अशा तिसऱ्या-चौथ्या प्रतीत मरतं. हार्ड रॉकची गिटार मात्र तगते. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला बारा इंची स्पीकर मुळातच पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, त्यामुळे झडण्यासारखं तिच्याजवळ थोडंच असतं. आधीच फाटलेल्या आवाजाचं वाईट कॅसेट आणखी काय बिघडवणार? आडगावापर्यंत हार्ड रॉक पोहोचलं, त्यात या तांत्रिक योगायोगाचा वाटा कुणी धरत नाही. मला तो बराच मोठा वाटतो.

१९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही एशिया आलं आणि केबलवाल्याच्या तारेवरून थेट बैठकीत शिरलं. ज्यांचा फक्त आवाज ओळखीचा होता त्यांचे चेहरे दिसले. रॉक मशीननं आधीपासूनच व्हिडिओ करायला घेतले होते. 'टॉप ऑफ द रॉक' लोकांना ठाऊक होतं. १९९३ मध्ये 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास बँडनं नावही बदललं आणि रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं. जुनं नाव ऐंशीच्या दशकातल्या चामडी जाकिटांचं होतं, आणि तोवर सिअ‍ॅटलच्या ग्रंज बँडनी ती जाकिटं जगभर जुनी करून टाकली होती. १९९५ मध्ये आलेल्या 'इंडस क्रीड' या अल्बममध्ये भारतीय वाद्यांना जागा मिळाली, गाण्यांचे विषय गंभीर झाले. जयेश गांधी ही दुसरी गिटार बँडमध्ये होती. दोन गिटारवाले असले की एकानं मागे राहायचं, हे ठरवणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. तबलजी आणि पखवाजी एकाच मंचावर बसवून पाहा.

या अल्बममध्ये गिटार आधीइतकी सतत फाटत नाही. 'ट्रॅप्ड' ऐकताना ती कुठे नुसती तरंगते, कुठे गप्प बसते आणि मग अचानक पूर्ण ताकदीनं येते. हार्ड रॉकचा वादक वयात आला की असं होतं. पण बाजार नेमका तेव्हाच फिरला. १९९५ मध्येच अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, दलेर मेहंदी आले, आणि कंपन्यांना कळलं की हिंदी-पंजाबी पॉप लाखांनी खपतं. दोन वर्षं खपून इंग्रजी रॉकची कॅसेट काढण्याचं कारण उरलं नाही. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबलं. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले आणि जयेश गांधींबरोबर तिथे 'आल्म्स फॉर शांती' हा बँड केला.

बँड थांबला की गायक दुसऱ्या बँडसमोर उभा राहू शकतो. गिटारवादकाचं तसं होत नाही. त्याचा आवाज चार-पाच ओळखीच्या माणसांमध्ये बसवलेला असतो. तेवढ्याच जोरानं मारणारा ड्रमर, तेवढीच जागा सोडणारा बास. ही जुळणी मोडली की तो पुन्हा शून्यावर येतो. चित्रपट आणि जाहिरातींचे स्टुडिओ हा मुंबईतल्या अशा वादकांचा नेहमीचा आसरा. तिथे अर्ध्या तासात तीन तऱ्हांनी वाजवून द्यायचं असतं आणि कॅसेटवर नाव येईलच असं नाही. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आलं, २००८ मध्ये 'रॉक ऑन' आलं, आणि फाटकी गिटार हिंदी चित्रपटसंगीतात हक्कानं बसली. 'रॉक ऑन'ची कथा मोडलेला बँड बऱ्याच वर्षांनी एकत्र येतो अशी. त्यानंतर दोनच वर्षांत, २०१० मध्ये, इंडस क्रीड पुन्हा उभं राहिलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायचा मोह होतो. मी जोडत नाही.

या दुसऱ्या डावात बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नव्या पिढीचे. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आठ गाणी. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, ज्यांनी १९९१ मध्ये पर्ल जॅमच्या 'टेन'चं केलं होतं. 'फायरफ्लाइज' हे गाणं लावून फक्त गिटारकडे कान द्या. स्वर उगीच धावत नाहीत, आणि फाट आहे ती काठाकाठानं. ऐंशीच्या दशकातली 'रेनिगेड' आणि ही, दोन्ही एका बैठकीत ऐकल्या की एका वादकानं चोवीस वर्षांत काय काय टाकून दिलं ते ऐकू येतं. नवं काय घेतलं, ते त्यामानानं कमी आहे.

मात्र त्यांना नाव मिळवून देणारी जागा तोवर गेली होती. शेजारी कॉलेज आणि इस्पितळं असल्यामुळे रंगभवनचा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि २००३ मध्ये तिथले कार्यक्रम बंद पडले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे इस्पितळ, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरमध्ये दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. शंभर वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जवळून ११० च्या वर सहज जातो. नियम चुकीचा आहे असं इस्पितळात पडलेल्या कुणाला सांगून पाहावं. पण शहरानं एक जागा काढून घेताना दुसरी दिली नाही, ही तक्रार रास्त आहे. बंदिस्त, आवाज आत ठेवणारी जागा शेवटी वादकांनाच उभी करावी लागली. ध्रुव घाणेकर हे स्वतः गिटारवादक. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'च्या संस्थापकांपैकी ते एक. मुंबईतलं ते ठिकाण २०१६ मध्ये बंद झालं.

नागपुरात तेवढंही नाही. जरीपटक्यातल्या पोराला आज चांगली गिटार पंधरा-वीस हजारांत मिळते, तारांचा संच दोन दिवसांत घरपोच येतो, ट्रिनिटीच्या रॉकच्या परीक्षा देता येतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नाही: मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये पन्नास अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज भरलेले असतात. तिनईकरांच्या पिढीनं ज्यासाठी नातेवाइकांच्या बॅगांची वाट पाहिली, ते सगळं त्याच्या खिशात आहे. तो हेडफोन लावून वाजवतो. आई जेवायला हाक मारते तीही त्याला ऐकू येत नाही आणि त्याची गिटारही तिला ऐकू येत नाही. बोटं त्याची तयार होतात. पण उघड्या मैदानात आवाज पातळ झाला की फाट कमी करायची, हे हेडफोनमध्ये शिकता येत नाही. ते शिकायला मंच लागतो, समोर माणसं लागतात, आणि वर्षातून एकदा येणारा व्हीएनआयटीचा 'आरोही' किंवा एखाद्या कॉलेजचं गॅदरिंग त्याला पुरत नाही. तिथेही परीक्षक विचारतातच, "एखादं ओळखीचं गाणं नाही का वाजवत?"